उष्णता-आघात प्रतिसाद

सजीवाच्या कोशिकांचे (पेशींचे) तापमान नेहमीच्या मर्यादेपेक्षा एकाएकी वाढले असता त्यांतील बहुसंख्य जीनांचे (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणाऱ्या घटकांचे, जनुकांचे) कार्य मंदावते आणि संरक्षक प्रथिने निर्माण करणारे काही थोडे जीन अतिशय वेगाने कार्य करू लागतात. या बदलास ‘उष्णता-आघात प्रतिसाद’ असे म्हणतात. उन्हामुळे माणसाला होणाऱ्या उष्माघात या विकाराहून ही संकल्पना भिन्न आहे. कॅडमियमासारख्या जड धातू, आर्सेनिकाची संयुगे, अल्कोहॉल, ऑक्सिजनाची न्यूनता इत्यादींमुळेही असाच प्रतिसाद मिळतो. म्हणून त्यास व्यापक अर्थाने ‘ताण-प्रतिसाद’ असेही म्हटले जाते. या प्रतिसादात जीनांची रचना बदलत नाही. कोणत्या जीनाचा संदेश वाचला जावा व किती प्रमाणात, एवढेच बदलते. जीनांची अभिव्यक्ती (जीनातील माहितीनुसार आरएनए व प्रथिने प्रत्यक्ष तयार होणे) परिस्थितीनुसार कशी बदलते, हे या उदाहरणावरून स्पष्टपणे दिसून येते.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोस्सा हे नेपल्स येथे ड्रॉसोफिला (फळमाशी) या कीटकाच्या डिंभाच्या (अळीच्या) लालाग्रंथींतील महागुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. ही गुणसूत्रे इतकी जाड असतात की, साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांवरील आडवे पट्टे दिसतात आणि ज्या ठिकाणचा जीन कार्यरत असतो तेथे फुगवटा आलेला आढळतो. उबवणयंत्राचे तापमान वाढल्यानंतर नेहमीचे फुगवटे ओसरून अन्यत्र नवे फुगवटे आल्याचे रितोस्सा यांना दिसले. हे निरीक्षण त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. डायनायट्रोफिनॉल व सोडियम सॅलिसिलेट यांच्यामुळेही तेच फुगवटे उद्‌भवतात, हेही त्यांनी दाखविले. त्या काळी या शोधाकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९७४ मध्ये आल्फ्रेड तिस्येर व त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सर्गी ॲमिनो अम्ल वापरून उष्णता दिलेल्या ग्रंथींत कोणती प्रथिने नव्याने तयार होतात हे शोधले. नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती घटून मोजक्याच नव्या प्रथिनांची निर्मिती वाढल्याचे त्यांना आढळले. त्यांना ‘उष्णता-आघात प्रथिने’ हे नाव मिळाले. भारतात बनारस हिंदू विश्वविद्यालयात सुभाष लाखोटिया व त्यांचे सहकारी यांनी ड्रॉसोफिलाच्या ‘९३-डी’ या फुगवट्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. उष्णतेने सक्रिय होणारा तेथील जीन प्रथिनाचा संकेत देत नाही. त्याचा आरएनए हाच कार्यकारी असतो. आरएनए हा केवळ निरोप्या नव्हे, या आज सर्वमान्य असलेल्या कल्पनेचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

प्रथिनांचे कार्य : प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट रीतीने दुमडली तरच ते आपले कार्य करू शकते. उष्णतेने ही घडी उकलते आणि आत दडलेले जलविरोधी भाग उघडे पडून निरनिराळ्या साखळ्या एकमेकींस चिकटतात. अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा बलक घट्ट होतो, तो याच कारणाने. उष्णता-आघात प्रथिने या उघड्या भागांना तात्पुरती धरून ठेवतात, साखळीला पुन्हा योग्य घडी घेण्यास वाव देतात आणि जी दुरुस्त होण्यापलीकडे गेली असतील त्यांना विघटनाकडे पाठवितात. तरुण मुलीबरोबर सोबतीला जाणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रीला युरोपात ‘शॅपरोन’ म्हणत. त्यावरून या प्रथिनांना ‘शॅपरोन प्रथिने’ असे नाव पडले. रेणुभारानुसार (किलोडाल्टन या एककात) एचएसपी-६०, एचएसपी-७०, एचएसपी-९० असे त्यांचे गट पाडतात. यांतील अनेक प्रथिने निरोगी कोशिकेतही सतत लागतात. ताणाच्या वेळी त्यांची गरज फक्त वाढते.

नियंत्रण : मानवासह प्राण्यांच्या कोशिकांत या प्रतिसादाची सूत्रे ‘उष्णता-आघात घटक-१’ या प्रथिनाकडे असतात. सामान्य स्थितीत शॅपरोन प्रथिने त्याला धरून निष्क्रिय ठेवतात. ताण येताच बिघडलेल्या प्रथिनांकडे शॅपरोन वळतात आणि हा घटक मोकळा होतो. त्याचे तीन रेणू एकत्र येऊन संरक्षक जीनांलगतच्या ठराविक डीएनए-क्रमाला जखडतात व संदेशक आरएनएची निर्मिती वाढवितात. पुरेसे शॅपरोन तयार झाले की ते त्या घटकास पुन्हा धरतात आणि प्रतिसाद आपोआप थांबतो. म्हणजे कोशिका तापमान थेट मोजत नसून प्रथिनांची हानी मोजते. भिन्न प्रकारच्या ताणांना एकच प्रतिसाद का मिळतो, याचा उलगडा यामुळे होतो.

प्रतिसाद काही मिनिटांत सुरू होतो. ड्रॉसोफिलात एचएसपी-७० च्या जीनावर आरएनए तयार करणारे एंझाइम आधीच काही पावले जाऊन थबकलेले असते. इशारा मिळताच ते पुढे सरकते. शिवाय बहुतेक जीनांच्या आरएनएमधील अनावश्यक खंड कापून टाकावे लागतात व ही क्रिया तीव्र उष्णतेत बिघडते. एचएसपी-७० च्या जीनात मात्र असे खंडच नसतात. जीवाणूंपासून मानवापर्यंत बहुतेक सर्व सजीवांत हा प्रतिसाद आढळतो. अंटार्क्टिक समुद्राच्या जवळजवळ न बदलणाऱ्या थंड पाण्यातील ट्रेमॅटोमस बर्नाची या माशात तो लोप पावला आहे. समुद्र तापू लागल्यास अशा जातींची स्थिती बिकट होण्याचा संभव आहे.

अभ्यासाच्या पद्धती : फुगवटे व किरणोत्सर्गी प्रथिने यांवरून एका वेळी थोड्याच जीनांची माहिती मिळे. १९९५ पासून डीएनए सूक्ष्मपट्टिका वापरात आल्या. काचेवर हजारो जीनांचे अंश ठिपक्यांच्या रूपात बसवून कोणत्या ठिपक्याला किती आरएनए चिकटतो हे त्यांवर मोजतात. या पद्धतीने ऑड्री गॅश व सहकाऱ्यांनी २००० मध्ये यीस्टवर उष्णता, उपासमार इ. ताणांचे परिणाम पाहिले. त्यांत सु. ९०० जीन बहुतेक सर्व ताणांना सारखाच प्रतिसाद देतात असे आढळले, त्यांपैकी सु. ३०० जीनांची अभिव्यक्ती वाढते व सु. ६०० जीनांची घटते. संरक्षणाइतकेच काटकसरीलाही महत्त्व असते, हे यावरून दिसते. २००८ नंतर सर्व आरएनए रेणूंचा क्रम थेट वाचण्याची पद्धती रूढ झाली व पुढे ती एकेका कोशिकेलाही लावता येऊ लागली.

रोगांशी संबंध : टॉड गोलब व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये रक्तार्बुदाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेतील जीन-अभिव्यक्ती तपासली आणि ५० जीनांच्या आधारे या रोगाचे दोन तीव्र प्रकार वेगळे ओळखता येतात हे दाखविले. या दोन प्रकारांवरील उपचार भिन्न असल्यामुळे त्यांतील भेद ओळखणे रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

उष्णता-आघात प्रतिसाद रोगात उपकारक व अपकारक अशा दोन्ही भूमिका बजावतो. एचएसपी-७० जादा प्रमाणात असलेल्या उंदरांच्या हृदयाला रक्तपुरवठा खंडित झाल्यावर कमी इजा होते, असे १९९५ मध्ये आढळले. प्रथिनांच्या गुठळ्यांमुळे तंत्रिका-कोशिका (मज्जापेशी) नष्ट होण्याच्या एका मानवी रोगाची प्रतिकृती ड्रॉसोफिलात निर्माण केली असता, एचएसपी-७० वाढविल्यावर ऱ्हास कमी झाला (१९९९). परंतु कर्करोगाच्या कोशिकाही सदोष प्रथिनांच्या भारामुळे कायम ताणाखाली असतात व याच यंत्रणेच्या आधारे तग धरतात. उष्णता-आघात घटक-१ नसलेल्या उंदरांत अर्बुदे कमी होतात, हे सूझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये दाखविले. एचएसपी-९० चे कार्य रोखणारे पिमिटेस्पिब हे औषध जपानमध्ये २०२२ मध्ये पचनमार्गाच्या एका अर्बुदासाठी संमत झाले. अशा औषधांची एक अडचण अशी की, एचएसपी-९० रोखताच उष्णता-आघात घटक मोकळा होऊन एचएसपी-७० वाढते आणि अर्बुदाच्या कोशिकांना पुन्हा संरक्षण मिळू शकते.

अर्थबोधातील मर्यादा : रुग्णाच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) एखाद्या जीनाची अभिव्यक्ती वाढलेली आढळली, तर तो जीन रोगाचे कारण असेल, रोगाचा परिणाम असेल किंवा रोगाविरुद्धचा बचाव असेल. केवळ मोजमापावरून यांपैकी काय खरे हे ठरत नाही. तो जीन निष्क्रिय वा अधिक सक्रिय करून प्रयोग करावा लागतो. आरएनए वाढले म्हणजे प्रथिन त्याच प्रमाणात वाढले असेही नसते. नमुन्यात दाहामुळे श्वेत कोशिका (पांढऱ्या पेशी) शिरल्या असल्यास जीनांचे कार्य न बदलताही सरासरी बदलते. इतकेच नव्हे, तर शरीराबाहेर काढलेला नमुना वेळीच गोठविला नाही, तर त्या हाताळणीचाच ताण त्यातील जीनांवर उमटतो. जो बदल बचावासाठी झाला आहे तो रोगाचे कारण समजून औषधाने दडपला, तर रुग्णाचे अहित होऊ शकते. म्हणून अशा निष्कर्षांवरून उपचार ठरविण्यापूर्वी बदलाची दिशा, काल व कारण यांची स्वतंत्र प्रयोगांनी खातरजमा करणे आवश्यक असते.