मैफलीचा फोटो आणि भिंगाचे गणित

गाण्याची बैठक असो की शाळेच्या स्नेहसंमेलनातले समूहगीत, फोटोंबद्दलची तक्रार सगळीकडे सारखीच असते. डोळ्यांना रंगमंच लख्ख दिसत होता. फोटोत मात्र गाणाऱ्याचा चेहरा काळवंडलेला, नाहीतर हात पुसट, नाहीतर साऱ्या चित्रावर रांगोळी भुरभुरल्यासारखे ठिपके. मग कोणी सुचवते, मोठी झूम लेन्स घ्या. कोणी म्हणते, फ्लॅश मारा. शाळेजवळ या कामासाठी पैसे थोडे असतात आणि झालेला कार्यक्रम काही पुन्हा होत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी हा प्रश्न आपण कागदावर सोडवून पाहू. त्याला लागणारे बहुतेक शास्त्र दहावीच्या भिंगांच्या धड्यातच आहे.

रंगमंचावर उजेड किती?

उजेड मोजण्याच्या कामी आपला डोळा फार फसवा आहे, कारण तो परिस्थितीशी जुळवून घेतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो. चांगला उजेड असलेल्या वर्गात तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो. साध्या रंगमंचावर २०० लक्स आहे असे समजू. म्हणजे उन्हाच्या पाचशेव्या हिश्शाइतका! डोळ्याला हा फरक एवढा मोठा वाटत नाही. कॅमेऱ्याला तो चुकवता येत नाही.

दोनाचा नववा घात ५१२ होतो. म्हणजे उन्हातल्या फोटोच्या तुलनेत आपल्याला प्रकाश नऊ वेळा दुप्पट करावा लागेल. छायाचित्रकार या प्रत्येक दुपटीला एक ‘स्टॉप’ म्हणतात. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक ठोकताळा असा: स्वच्छ उन्हात फिल्मची संवेदनक्षमता १०० असेल, तर भिंगाचे छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटर १/१०० सेकंद उघडावे. इथून नऊ दुपटी कशा मिळवायच्या? वाटा तीनच आहेत. शटर जास्त वेळ उघडे ठेवणे, संवेदनक्षमता वाढवणे किंवा छिद्र मोठे करणे. प्रत्येक वाटेवर काही किंमत मोजावी लागते. ती किती, हे एकेक करून पाहू.

पहिली वाट: जास्त वेळ

गायकाचा हात तानेबरोबर सेकंदाला एक मीटर वेगाने फिरतो असे धरू. १/१०० सेकंदात तो एक सेंटिमीटर सरकेल. १/३० सेकंदात तीन सेंटिमीटरांहून जास्त, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीइतका. मग बोटे वेगवेगळी दिसणार कशी? द्रुत लयीत तबलजीची बोटे तर याहून कितीतरी वेगाने चालतात. त्यामुळे गायनासाठी १/१०० आणि तबल्यासाठी १/२०० ते १/४०० सेकंद ही आपली मर्यादा समजावी.

काही भिंगांमध्ये हाताचा कंप दुरुस्त करणारी योजना असते. अशी अदलाबदलीची पहिली लेन्स १९९५ मध्ये बाजारात आली. पण ही योजना फोटो काढणाऱ्याच्या हाताचा कंप घालवते, गाणाऱ्याच्या हाताची हालचाल थांबवत नाही. मैफलीसाठी लेन्स निवडताना हा भेद विसरू नये.

इथे संगीताची जाण मात्र फुकट मदत करते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर स्थिर असतो, हे आपण वर्गात शिकवतो. गायकाचा हातही जिथे दिशा बदलतो तिथे क्षणभर थांबतो. ज्याला सम कुठे येणार हे कळते, तो तो क्षण आधीच हेरून ठेवतो आणि शटर थोडे संथ असले तरी स्वच्छ फोटो मिळवतो.

दुसरी वाट: संवेदनक्षमता

कॅमेऱ्यातला आयएसओचा आकडा वाढवला की फोटो उजळ होतो. पण त्यामुळे प्रकाश वाढत नाही, आलेल्या थोड्या प्रकाशाचा संदेश मोठा करून दाखवला जातो, एवढेच. ठिपके येतात ते मुख्यतः यामुळेच. प्रकाश कणाकणाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांसारखे कुठेही पडतात. एका जागी सरासरी १०० कण येत असतील तर प्रत्यक्षात साधारण दहाने कमी-जास्त पडतात, म्हणजे दहा टक्के. सरासरी १०,००० असेल तर फरक शंभराचा, म्हणजे फक्त एक टक्का. सरासरीचे वर्गमूळ म्हणजे हा चढउतार.

वर्गात हे करून पाहता येईल. बुद्धिबळाच्या पटावर उंचावरून, सगळीकडे सारखे पडतील असे चिमूटभर तीळ भुरभुरा. एकेक चौकोन एकेका विद्यार्थ्याला मोजायला द्या. घरटी सरासरी चार तीळ असतील तर कुठे दोन, कुठे सहा, एखाद्या घरात एकही नाही असे आढळेल. मग सरासरी पंचवीस होईपर्यंत तीळ टाका. आता चौकोन पुष्कळसे सारखे दिसू लागतील. कमी प्रकाशातला फोटो म्हणजे पहिला पट. ठिपके घालवायचा खरा उपाय एकच, जास्त तीळ! म्हणजेच जास्त प्रकाश.

तिसरी वाट: मोठे छिद्र

लेन्सच्या कडेवर जो एफ-आकडा छापलेला असतो तो म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमी नाभीय अंतराच्या एफ/१.८ लेन्सचे छिद्र सुमारे २८ मिमी असते. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीला उलटे वाटते, पण अपूर्णांकाच्या छेदाची आठवण करून दिली की पटते.

एक साधा प्रयोग करा. २० सेंमी नाभीय अंतराचे वाचनाचे भिंग घ्या आणि खिडकीची प्रतिमा समोरच्या पांढऱ्या कागदावर पाडा. आता भिंगावर ४ सेंमी व्यासाचे छिद्र पाडलेला पुठ्ठा ठेवा, नंतर २ सेंमीचा. प्रतिमा कापली जाईल असे अनेकांना वाटते. ती तर अख्खीच राहते, फक्त चौपट मंद होते. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. छिद्र लहान असताना कागद थोडा मागेपुढे केला तरी प्रतिमा स्पष्ट राहते, मोठे असताना लगेच बिघडते. ही मोठ्या छिद्राची किंमत आहे, तिच्याकडे पुढे वळू.

प्रतिमेची उजळी एफ-आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. कॅमेऱ्याबरोबर स्वस्तात मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूम लेन्सवर ३.५-५.६ असे दोन आकडे असतात. झूम पूर्ण ताणली की दुसरा, म्हणजे एफ/५.६, लागू होतो. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की उत्तर ९.७ येते. म्हणजे ५० मिमी एफ/१.८ ही साधी, झूम नसलेली लेन्स जवळजवळ दहापट उजळ प्रतिमा देते. आपल्या २०० लक्सच्या रंगमंचावर शटर १/१०० ठेवले, तर एफ/५.६ ला आयएसओ ६४०० लागेल, एफ/२.८ ला १६०० आणि एफ/१.८ ला सुमारे ६५०. ठिपक्यांनी भरलेला फोटो आणि स्वच्छ फोटो यांतले अंतर ते हेच.

ही धडपड जुनी आहे. १८४० मध्ये व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी गणिताने एक भिंग रचले. त्याचा एफ-आकडा सुमारे ३.६ होता, तोवरच्या भिंगांचा सुमारे पंधरा. प्रतिमा पंधरा पटींहून अधिक उजळ झाली आणि माणसांची छायाचित्रे काढणे सुसह्य झाले. दुसरे टोक म्हणजे त्साइस कंपनीने १९६६ मध्ये नासासाठी बनवलेले ५० मिमी एफ/०.७ भिंग. अशी दहाच बनली. त्यांतली तीन स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने मिळवली आणि १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातली काही दृश्ये केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केली.

पण आपण बसणार कुठे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मागे बसल्याने फोटो काळा येतो का? नाही. अंतर दुप्पट झाले की छिद्रात शिरणारा गायकाचा प्रकाश चौथाई होतो, पण त्याच्या प्रतिमेचे क्षेत्रफळही चौथाईच होते. उजळी तेवढीच राहते. प्रतिमा लहान होते, इतकेच. ती मोठी करायला नाभीय अंतर दुप्पट हवे, आणि एफ-आकडा तोच राखायचा तर छिद्राचा व्यासही दुप्पट हवा.

आकडे घालून पाहू. ३५ मिमी फिल्मच्या आकाराचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्याने गायक आणि शेजारचा तानपुरा एवढी चौकट भरायची आहे. १६ मीटरवरून २०० मिमी लेन्स लागेल, ८ मीटरवरून १०० मिमी, ४ मीटरवरून ५० मिमी. प्रत्येकीला एफ/२ हवे असेल तर छिद्रे अनुक्रमे १००, ५० आणि २५ मिमी! व्यास दुप्पट झाला की काचेचे घनफळ सुमारे आठपट होते. वजन आणि किंमत कुठून चढते ते इथे कळते. ७०-२०० मिमी एफ/२.८ ही वृत्तपत्र छायाचित्रकारांची आवडती लेन्स दीड किलोच्या आसपास भरते ती ७१ मिमीच्या छिद्रामुळे. १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या भव्य मंडपात दूर उभे राहून काम करायचे असेल तर तिला पर्याय नाही. शाळेच्या सभागृहात मात्र खुर्ची बारा मीटर पुढे नेणे शक्य असते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यावरही १.८ असा आकडा असतो, मग वेगळी लेन्स कशाला, असे कोणी विचारेल. फोनच्या भिंगाचे नाभीय अंतर सहा-सात मिलिमीटर, म्हणून छिद्र जेमतेम चार मिलिमीटरचे. २८ मिमीच्या छिद्रातून याच्या ४९ पट प्रकाश येतो. फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो आणि ही तूट बरीच भरून काढतो, पण समोरचे स्थिर असेल तरच. तबल्यापुढे ही युक्ती लंगडी पडते.

मोठ्या छिद्राची किंमत

८५ मिमी लेन्स एफ/१.८ ला उघडून ४ मीटरवरच्या गायकाचा फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे २४ सेंमी खोल असतो. डोळे स्पष्ट आले तर पुढे केलेला हात पुसट होईल, आणि मागे बसलेली तानपुऱ्याची साथीदार तर नक्कीच. एका चेहऱ्याच्या फोटोला हे शोभून दिसते. समूहगीताच्या दोन रांगांना ते चालत नाही. तिथे छिद्र एफ/४ पर्यंत लहान करावे आणि आयएसओ वाढल्याचे दुःख मानू नये. आपोआप फोकस करणारा कॅमेरा पुष्कळदा चेहऱ्याऐवजी पुढचा माइक पकडतो, म्हणून फोकसचा बिंदू आपण स्वतः डोळ्यावर ठेवावा.

आणखी दोन सूचना. मागचा पडदा काळा असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो, तेव्हा प्रकाश चेहऱ्यावरचाच मोजावा. काही स्वस्त एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० असेल तर एक पूर्ण फेरी सामावते. त्याहून जलद ठेवल्यास फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात.

आणि फ्लॅश? कॅमेऱ्यात बसवलेला छोटा फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ/५.६ ला दोनेक मीटरपर्यंतच पुरतो. १६ मीटरवर त्याचा प्रकाश, अंतराच्या वर्गाच्या नियमाने, ६४ पट क्षीण होतो. पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात आणि गाणाऱ्याची तंद्री मोडते. तो बंदच ठेवावा.

मग घ्यावे काय?

आधी मोजपट्टी घेऊन सभागृहात जा आणि रंगमंचापासून आपली जागा किती लांब राहील ते ठरवा. तीन ते पाच मीटर असेल तर ५० मिमी एफ/१.८ पुरे, अदलाबदलीच्या लेन्सांमधली ही सर्वांत स्वस्तांपैकी एक. शाळांकडच्या कॅमेऱ्यांचा संवेदक बहुधा लहान असतो, त्यावर ती ७५ मिमी लेन्सइतके जवळचे दृश्य देते. सहा ते आठ मीटर असेल तर ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी. त्याहून दूर बसणे भागच असेल तर ७०-२०० एफ/२.८ एका दिवसासाठी भाड्याने आणावी, विकत घेऊ नये. खरेदीच्या यादीत ‘किती पट झूम’ हा रकाना ठेवूच नका. त्या जागी ‘छिद्राचा व्यास किती मिलिमीटर’ असा रकाना करा आणि तो भरायला, भागाकार करायला, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बसवा.