उपवासकाळ, पुनरुत्थान आणि आशा
हिंगोली जिल्हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. तेथील कॅथलिक भाविकांची ‘आशा’ त्यांच्या उपासना-वर्षातून उलगडते. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून उपवासकाळ सुरू होतो. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती उजळते. त्यानंतर पन्नास दिवसांचा पुनरुत्थानकाळ येतो. २०२५ मध्ये हा सण २० एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस निवर्तले. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. शोक आणि नवी निवड, दोन्ही पुनरुत्थानकाळातच घडले. यावरून लक्षात घ्या : धर्मपीठावरील व्यक्ती बदलते, आशेचे अधिष्ठान मात्र ख्रिस्ताचे पुनरुत्थान हेच राहते.