आजारपणाची रजा आणि आपला हिशेब

सिक लीव्ह, कॅज्युअल लीव्ह हे शब्द आपल्या कानावर लहानपणापासून पडलेले. वडील बँकेत किंवा सरकारी नोकरीत असले, की 'यंदा किती सी.एल. उरल्या' ही चर्चा ठरलेली. अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात ही सोय असणारच, असं आम्हांलाही एम्.एस्.ला आलो तेव्हा वाटायचं. प्रत्यक्षात खासगी नोकरीत आजारपणाची पगारी रजा द्यायलाच हवी, असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा इथे नाही. १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट बारा आठवडे देतो, पण बिनपगारी, आणि खासगी क्षेत्रात ५० किंवा जास्त नोकर असलेल्या मालकांनाच तो लागू होतो. बाकी सारं ज्या त्या राज्यावर. कनेटिकटने २०११ साली राज्यांत पहिला नंबर लावला. आमच्या न्यू जर्सीचा कायदा २९ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे.

त्याचं गणित सोपं आहे. कामाच्या दर तीस तासांमागे एक तास पगारी रजा, वर्षाला जास्तीत जास्त चाळीस तास. पार्ट-टाइमवाल्यांनाही. म्हणजे डे-केअरमध्ये आठवड्याला वीस तास काम करणाऱ्या वहिनींचे वर्षाला चौतीस तास होतात. नोकरीच्या १२० व्या दिवसापासून ती वापरता येते. स्वतःचं दुखणं, मुलाचा ताप, पुण्याहून आलेल्या सासूबाईंचं आजारपण, इतकंच काय, शाळेने बोलावलेली पालकसभाही त्यात बसते. सलग तीन दिवसांहून कमी रजा असेल, तर मालकाला डॉक्टरची चिठ्ठी मागता येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्यापैकी बरेच जण आज मालक आहेत. कुणाचं दुकान, कुणाची छोटी कन्सल्टन्सी. 'आमचे चारच लोक, घरच्यासारखे. बरं नसलं तर जा म्हणतो, लिहायचं काय त्यात?' असं आम्ही अनेकदा ऐकतो. भावना चांगली, पण कायद्याला ती पुरत नाही. एकच नोकर असला तरी कायदा लागू आहे. नोकरांना लेखी सूचना द्यायची, नोटीस भिंतीवर लावायची, आणि कामाचे व रजेचे तास पाच वर्षं जपून ठेवायचे. हिशेब नसेल, तर रजा दिलीच नाही असं गृहीत धरलं जातं, आणि दिली होती हे मालकाला सिद्ध करावं लागतं. रजा मागितली म्हणून नोकराला त्रास देणं हा वेगळा गुन्हा.

शिवाय 'घरच्यासारखा' माणूस रजा मागायला जास्तच संकोचतो. तापात काउंटरवर उभा राहतो. वहीत तास लिहिलेले असले, की त्याला उपकार मागावे लागत नाहीत, हक्काचं घेता येतं.

तेव्हा मंडळी, नोकर असाल तर पे-स्टब काढून रजेचे तास विचारा. मालक असाल तर या महिन्यापासून वही घाला. दुसऱ्या राज्यात असाल, तर तिथल्या लेबर डिपार्टमेंटकडे नियम विचारून घ्या. ते सगळीकडे सारखे नाहीत.