तेच भांडण, सतरा वर्षं

आम्ही दोघं इंझोरीचे. मानोरा तालुक्यातलं हे गाव. घरी सोयाबीन-तुरीची शेती, निकाहाला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत आमचं भांडण खरं तर एकच झालं. निमित्तं बदलली, कधी बियाण्याची उधारी, कधी नणंदेकडचं लग्न. एकाने गप्प व्हायचं, दुसरीने "अजी, झालं काय?" विचारत राहायचं. ती जितकं विचारी, तितका तो गप्प. मग तिचा आवाज चढे आणि तो चपला घालून शेताकडे निघे.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी लक्षात आलं, की आवाज चढला की आमचा अकरा वर्षांचा मुलगाही काही न बोलता गच्चीवर जाऊन बसतो. ते पाहून आम्ही अकोल्याला एका समुपदेशक बाईंकडे गेलो.

अम्मींना ते रुचलं नाही. "घरची गोष्ट परक्याला सांगायची? वेड लागलंय का तुम्हाला?" त्यांना आम्ही अबू झैद अल-बल्खींबद्दल सांगितलं. इ.स. 934 मध्ये वारलेल्या या विद्वानाने शरीराच्या आरोग्यावरच्या आपल्या ग्रंथात मनाच्या आरोग्याला वेगळा भाग दिला होता. राग, भीती, उदासी हे वेड नव्हे, त्यांनाही उपाय आहे, हे त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं. अम्मी म्हणाल्या, "जा मग, पण लवकर या."

बाईंच्या पद्धतीला एकात्मिक मानसोपचार म्हणतात. रिचर्ड अर्स्किन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं त्यात मोठं काम आहे. विचार, भावना, शरीर आणि वागणं यांकडे एकत्र बघायचं, असा तिचा रोख. आठवणीत नसलेलं माणूस वागण्यातून पुन्हा पुन्हा करतो, हे फ्रॉइडने 1914 मध्येच मांडलं होतं. अर्स्किन आणि मॅरिलिन झाल्कमन यांनी 1979 मध्ये त्यातलं चक्र उलगडून दाखवलं. लहानपणी मनात एक समजूत बसते. आपण तिच्याप्रमाणे वागतो. त्या वागण्याने समोरचाही तसाच वागतो, आणि समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो.

आम्हाला हे पुस्तकी वाटलं होतं. पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाईंनी विचारलं, "गप्प होता तेव्हा छातीत काय होतं?" उत्तर यायला बराच वेळ लागला. अब्बांचा राग कडक होता. ते ओरडू लागले की गोठ्यात जाऊन श्वास धरून उभं राहायचं, हा लहानपणीचा बचाव. बोललं की मार, ही समजूत. आणि विचारत राहणाऱ्या बाजूला? तिचे अब्बा कमाईसाठी मुंबईत. पत्र आलं नाही, की घरात सगळे म्हणत, विसरले वाटतं. कोणी गप्प झालं म्हणजे आपल्याला सोडलं, ही तिची समजूत. एकाचा बचाव हीच दुसरीची भीती. सतरा वर्षं आम्ही एकमेकांना पुरावे पुरवत होतो!

अर्स्किन यांनी नात्यातल्या आठ गरजा सांगितल्या आहेत. त्यातली एक आम्हाला फार लागली: समोरच्याने कधी तरी आपणहून पुढे यावं. सोपी वाटते, पण आमच्या घरात पुढाकार नेहमी एकीचाच होता, तोही चढ्या आवाजात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मारहाण होत असेल तर तिथे जुनी सवय समजून घेत बसू नये. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करावं; महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 मोफत आहे. अकोल्याला जाणं सगळ्यांना परवडत नाही, आम्हालाही सोंगणीच्या दिवसांत जमलं नाही.

मागच्या आठवड्यात सोयाबीनचा भाव पडलेला. बाजारातून घरी येऊन दारातच उभं राहून तो म्हणाला, "मी आज गप्प आहे, पण तुझ्यावर रागावलो नाही. चहा झाल्यावर सांगतो." तरी तिने दोनदा विचारलंच. मुलगा गच्चीच्या पायरीवर बसला होता, अर्ध्या वाटेत.