लादीवरचे चित्रलेखन : लेखांक नववा — नमुन्याची भिंत

कथिलाच्या झिलईची भट्टी आज पेटवावयाची असे ठरले होते. परंतु मधल्या आठवड्यात साताऱ्याहून एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील पृच्छा माझ्या इतक्या जिव्हाळ्याची निघाली की, भट्टी आठ दिवस लांबणीवर टाकण्याची मुभा मी मागून घेतो. घराच्या दर्शनी भिंतीवर हातघडणीच्या लाद्यांचे चित्र बसवावयाचे आहे, मसुदा कागदावर मंजूर झाला आहे. मग त्याच लाद्यांची नमुना-भिंत आधी उभारण्याचा खर्च मालकाने का सोसावा, असे ते विचारतात.

कागद हातात धरून पाहतात आणि दर्शनी भिंत मान वर करून, रस्त्यावरून पाहतात, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते. पोर्तो शहरातील सांतु इल्देफोंसु या अठराव्या शतकातील चर्चच्या दर्शनी भागाला १९३२ साली जोर्ज कोलासु या चित्रकाराने सुमारे ११,००० लाद्यांचा निळा-पांढरा साज चढविला, आणि याच कोलासूच्या लाद्या पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालापासून आहेत. पणजीला माणूस चित्राजवळ जाऊन उभा राहू शकतो, तेव्हा कुंचल्याची बारीक रेघही तेथे सार्थकी लागते. तीच रेघ पोर्तोच्या मनोऱ्यावर चढविली, तर खालून पाहणाऱ्याच्या दृष्टीला ती सांध्यांच्या जाळीत विरलेली दिसेल.

शिवाय माती आणि रंग ही दोन्ही भट्टीत रूप पालटतात. कोबाल्टचा ऑक्साइड कच्च्या झिलईवर काळपट दिसतो आणि भाजल्यावर निळा होतो. माती वाळताना व भाजताना आक्रसते, आणि एकेका लादीत एका मिलिमीटरचा फरक पडला, तरी चाळीस लाद्यांच्या ओळीत तो चार सेंटिमीटरांवर जातो.

काही वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या कामात आम्ही पुरुषभर उंचीची नमुना-भिंत अंगणात, पश्चिमेकडे तोंड करून उभारली, आणि तिच्या तीन पट्ट्यांत गवंड्याकडून तीन रंगांच्या दर्जा भरून घेतल्या. पांढऱ्या दर्जांत निळे चित्र फिके पडले, काळ्यांत प्रत्येक लादी गजाआड गेल्यासारखी दिसू लागली, राखी रंगात मात्र चित्र सलग राहिले. परंतु सायंकाळी पाच वाजता ऊन तिरपे आले आणि चकचकीत झिलईत आकाश उतरून तिन्ही पट्ट्यांवरचे चित्र दिसेनासे झाले. झिलई मंद करण्याचा निर्णय त्या सायंकाळी झाला. कागदावर तो कधीच झाला नसता.

त्याच कामात कंत्राटदाराने जागा अडते म्हणून ती भिंत मुदतीपूर्वी पाडली, आणि पुढे लाद्यांची दुसरी खेप हिरवट छटेची आली, तेव्हा ती नमुनाबरहुकूम नाही हे दाखविण्यास आमच्या हाती पुरावा उरला नाही. हाताच्या कामात लादीगणिक छटा थोडी बदलणारच, आणि तीच त्या कामाची शोभा आहे. पण किती बदल चालेल याचा दस्तऐवज म्हणजे ती भिंतच असते.

म्हणून सातारकरांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी नमुना-भिंत जागेवरच, चित्र ज्या दिशेला यावयाचे त्याच दिशेला उभारावी, सकाळी, दुपारी व सायंकाळी रस्त्यावर जाऊन पाहावी, आणि शेवटची लादी बसेपर्यंत तिला कोणासही हात लावू देऊ नये.