पूर्वजांच्या शोधात (लेखांक ५) : लेखणी कोणाच्या हाती?

मागच्या लेखात आपण १९२१च्या इंग्लिश जनगणनेपासून दहा-दहा वर्षांच्या पायऱ्या उतरत १८५१पर्यंत आलो. हाताशी एक ओळ आहे : शेतमजूर, वय चाळीस, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात एका खेड्याचं नाव. आता त्या खेड्याच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची वही गाठायची. बरेच हौशी संशोधक नेमके इथेच फसतात. पानावर लिहिलंय ते आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी सांगितलेलं, असं धरून ते चालतात.

ते पान तयार कसं झालं, ते आधी बघू. ३० मार्च १८५१च्या रात्री घरात झोपलेल्या प्रत्येकाची नोंद कुटुंबप्रमुखाने छापील तक्त्यावर करायची. दुसऱ्या दिवशी प्रगणक दारात येई. घरात कोणाला लिहिता येत नसेल तर ऐकून तोच तक्ता भरी. मग साऱ्या घरांचे तक्ते आपल्या वहीत उतरवून काढी. घरोघरचे तक्ते पुढे नष्ट केले गेले. आज आपण बघतो ती ही नक्कल, आणि संगणकात नाव शोधतो ते या नकलेवरून कोणीतरी केलेल्या सूचीत. म्हणजे तिसरा हात. लंडनच्या कामकरी माणसाच्या बोलण्यात आरंभीचा ‘ह’ गळतो, त्यामुळे ‘हॉकिन्स’ सापडेना, तर ‘ऑकिन्स’ बघावं. प्रगणकाने ऐकलं तसं लिहिलं, त्याला काय दोष द्यायचा?

वयाचंही तसंच. १८५१मधून चाळीस वजा केले की १८११ येतं, पण मार्चअखेर चाळीस पूर्ण झालेला माणूस बहुधा १८१०मध्येच जन्मलेला असतो. तेही त्याने वय बरोबर सांगितलं असेल तर. १८४१च्या जनगणनेत याहून गंमत आहे. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायची, असा प्रगणकांना हुकूम होता. एकोणतीस वर्षांची बाई पंचवीसची झाली! (सगळ्याच प्रगणकांनी तो पाळला असंही नाही.) कोण कोणाचा कोण हे विचारलंच नव्हतं. जन्मस्थळाला उत्तर एवढंच, की याच परगण्यात जन्म झाला का, हो की नाही, आणि नसेल तर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेश. शिवाय सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, आणि त्यावर बेरजा करणाऱ्या कारकुनांच्या फराट्या, नेमक्या वयाच्या आकड्यावर. सरकारला आकडे हवे होते, वंशावळी नव्हे.

जन्मस्थळाच्या रकान्यात कधी ‘ईस्ट इंडीज’ एवढंच लिहिलेलं सापडतं. म्हणजे बाप बहुधा पलटणीत किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत. मग इंग्लंडमधलं खेडं शोधण्यात अर्थ नाही. मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीत जन्मलेलं पोर तिथे भेटण्याचा संभव जास्त.

आपला शेतमजूर मात्र खेड्यातच जन्मलेला. १८१३पासून चर्चना बाप्तिस्म्याच्या छापील वह्या मिळाल्या, त्यांत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहावं लागे. याचा जन्म त्याआधीचा, म्हणजे पाद्री लिहील ते खरं. कुठे नुसतं बापाचं नाव, कुठे आईचंही. आणि तारीख बाप्तिस्म्याची, जन्माची नव्हे. काही घरांत तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच रविवारी उरकलेला दिसतो.

या वह्या सुरू झाल्या १५३८मध्ये, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने. लोकांना वाटलं, हा नव्या कराचा डाव. शतकाच्या अखेरीस जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढायचा आदेश निघाला, ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून’ अशा सवलतीसह. त्या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला गेला. म्हणूनच कितीतरी वह्या १५५८पासूनच सुरू होतात. स्ट्रॅटफर्डच्या वहीतली २६ एप्रिल १५६४ची शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची लॅटिन नोंदही अशीच पुढे उतरवलेली नक्कल आहे. त्याचा वाढदिवस म्हणून साजरा होतो तो २३ एप्रिल, निव्वळ अंदाज.

त्याच्या लग्नाचे कागद तर प्रत्येक वंशशोधकाने एकदा पाहावेत. २७ नोव्हेंबर १५८२ला वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात परवान्याची नोंद झाली, त्यात नवरीचं नाव अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रात ती अ‍ॅन हॅथवे. एवढ्यावरून शेक्सपिअरची एक दुसरी प्रेयसी उभी करून लोकांनी पुस्तकं लिहिली! त्याच दप्तरात त्याच दिवशी व्हेटली आडनावाच्या एका माणसाचा तंटा चालला होता. कारकुनाच्या डोक्यात ते नाव घोळत होतं आणि लेखणीतून उतरलं, हा उलगडा मला पटतो. आळसाने किंवा घाईने लिहिलेला एक शब्द चारशे वर्षं माणसाचा पिच्छा पुरवतो.

आणखी एक सापळा सालाचा. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागे. वहीत आईबापांचं लग्न मे १७२०चं आणि पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२०चा दिसला, तर कुलाला बट्टा लागला म्हणून घाबरू नका. तो फेब्रुवारी मेनंतर आलेला आहे, आपल्या हिशेबाने १७२१चा. पोर रीतसर नऊ महिन्यांनी झालेलं.

२५ मार्च १७५४पासून मात्र एक नवी गोष्ट घडली. त्या दिवशी लागू झालेल्या विवाहाच्या नव्या कायद्याने लग्नाच्या नोंदीखाली नवरा-नवरी आणि दोन साक्षीदारांनी सही करणं आलं, येत नसेल तर फुली. शेतमजुराच्या घराण्यात पूर्वजाच्या स्वतःच्या हातची खूण सापडण्याची ही बहुधा पहिली जागा. माझा सल्ला आहे की सूचीवर समाधान मानू नका, मूळ पानाचं छायाचित्र मागवा. तिथे कधी नवऱ्याची थरथरती फुली असते आणि शेजारी बायकोची ठसठशीत सही. साक्षीदारही वाचा, मेव्हणा, बहीण, मालक, कोणीही सापडेल. फक्त एखादं नाव दर पानावर, दर लग्नात दिसायला लागलं, तर तो कोणाचाच नातलग नव्हे. तो चर्चचा कारकून, तिथे उभाच असायचा.