वीतभर बांध आणि अपील

कांद्याचे आलेले पैसे वीतभर बांधापायी न्यायालयात गेलेले आम्ही कारकुनीच्या दिवसांत लासलगाव परिसरात पुष्कळ पाहिले. हरलेला म्हणतो, "वर जाऊ!" परंतु वर नवा पुरावा सहसा घेत नाहीत, आणि अपिलात दम नसल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) आदेश ४१, नियम ११ अन्वये प्रतिपक्षास न बोलाविताच ते फेटाळता येते. दुसऱ्या अपिलास तर १९७६ च्या दुरुस्तीपासून कायद्याचाच महत्त्वाचा प्रश्न लागतो. बांध कोणी कोरला, हा तसा प्रश्न नव्हे. जिंकणाऱ्यानेही एक ध्यानात ठेवावे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली न्यायालय साधारणतः ३,००० रुपयांपर्यंत भरपाई देववू शकते, पण हे कलम अपिलास लागू नाही. सबब, ती हरकत मूळ दाव्यातच लेखी घ्यावी; निकालानंतर वकिलास आठवण देऊन उपयोग नाही.